बघूसानांचं बर्फाचं यंत्र

मराठी माणूस 'बघू' म्हणाला की विषय संपला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. वर्गणी मागायला आलेल्यांना 'बघू', सुट्टीत आमच्याकडे याच म्हणणाऱ्या नातेवाइकांना 'बघू', स्थळ सुचवणाऱ्या मावशीला 'बघू'. यात बघायचं काहीच नसतं. तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून केलेली ती सोय असते. जपान्यांनी हीच सोय आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे नेली आहे. ते 'केन्तो शिमास' म्हणतात, म्हणजे 'विचार करतो', आणि इतकं छान वाकून म्हणतात की समोरचा माणूस आपला नकार घेऊन समाधानाने घरी जातो. टोकियोत आल्यावर पहिल्या वर्षात मी जे काही शिकले, त्यात हे सगळ्यात उपयोगी पडलं.

या दोन भाषांच्या मधोमध मला एकच माणूस असा भेटला, जो 'बघू' म्हणाला की खरोखरच बघत बसायचा.

ते आमच्या ऑफिसात मला बरेच सीनियर. मूळचे पुण्याचे, एका बँकेच्या प्रोजेक्टसाठी दोन वर्षांकरता म्हणून जपानला आले आणि परत जायचं की नाही याचा विचार करता करता चौदा वर्षं राहिले. टीममधली आम्ही मराठी मंडळी त्यांना सतत काही ना काही विचारायचो आणि ते मान हलवत 'बघू, बघू' म्हणायचे. जपानी सहकाऱ्यांना वाटलं हेच यांचं नाव. क्लायंटकडच्या एका नव्या मुलाने तर 'बघू-सामा' असा मायना लिहून चक्क ईमेल पाठवली. तेव्हापासून ते बघूसान, म्हणजे आपले बघूराव, झाले. हे नाव चालेल का असं मी त्यांना विचारलं होतं. त्यावर त्यांनी आठवडाभर विचार केला आणि एका सोमवारी येऊन सांगितलं की हरकत नाही.

दुपारी त्यांच्याबरोबर कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, जाणं म्हणजे जेवणाच्या सुट्टीवर पाणी सोडणं. शाकाहारी माणसाला तिथे ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या मुटक्यांच्या, फळीवर पर्याय किती असणार? आंबट प्लमचा भात, समुद्री शेवाळाचा भात आणि नुसता मिठाचा भात. बघूसान त्या फळीसमोर असे उभे राहायचे जणू मुलीचं लग्न ठरवायचं आहे. मी एकदा वैतागून विचारलं, की तीनच तर आहेत, त्यात इतकं काय? तर म्हणाले, "पर्याय तीन असले की निर्णय असतो. दोन असले की भांडण असतं आणि एकच असला की नाइलाज." आणि मग आणखी जरा वेळ बघत राहिले.

त्यांच्या घरी राइस कुकर घ्यायचं ठरलं ते साकुराच्या, म्हणजे चेरी फुलायच्या दिवसांत, आणि कुकर घरात आला तेव्हा लोक थंडीसाठी कपाटातून स्वेटर बाहेर काढत होते. तोवर वहिनी पुण्याहून आणलेल्या हॉकिन्सच्या शिट्ट्या करत होत्या आणि खालच्या मजल्यावरची बाई दर शिट्टीला गॅलरीत येऊन वर बघत होती. वहिनी म्हणजे बघूसानांच्या अगदी उलट. जे करायचं ते आत्ता. चौदा वर्षांत त्या जपानी शिकल्या नाहीत, कारण त्यांचं मराठीवर भागतं. टोकियोत त्या राहतात त्या फुनाबोरीच्या भाजीवाल्याशी त्या शुद्ध सदाशिव पेठी मराठीत घासाघीस करतात, आणि तो बिचारा घाबरून जास्तीचा कांदा घालतो.

वहिनींची एक ठरलेली गोष्ट होती. घरी कोणीही नवीन माणूस आला की ती ऐकवायच्या. बघूसान त्यांना बघायला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, निघताना वहिनींच्या बाबांनी अंदाज घ्यायला विचारलं, तर हे म्हणाले, 'बघू.' बाबांनी जे समजायचं ते समजून दुसऱ्या दिवसापासून दुसरी स्थळं बघायला घेतली. दीड-दोन महिन्यांनी हे पेढे घेऊन दारात हजर. मी पूर्ण विचार केला आहे, माझा होकार आहे. तोवर बाबा एका इंजिनीअरच्या घरी याद्या करायच्या बेतात होते. "आणि तुम्ही काय केलंत?" असं नवीन माणूस विचारायचाच. वहिनी म्हणायच्या, "इतका वेळ कोणी माझा विचार केला नव्हता, मग काय करणार." बघूसान त्या वेळी चहात बिस्किट बुडवत असायचे आणि बहुतेक वेळा ते बिस्किट चहातच राहायचं.

अशा माणसाने निइगाताच्या डोंगरात घर घेतलं, ही बातमी ऑफिसात कोणाला खरी वाटेना. पण तीही विचारपूर्वकच होती. ते घर त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी पाहिलं होतं. जपानच्या खेड्यांत रिकामी घरं पडलेली असतात, म्हातारी माणसं गेली की मुलं शहरातून परत येत नाहीत. बघूसान दर उन्हाळ्यात जाऊन ते घर बघून यायचे, आणि दर उन्हाळ्यात मालक किंमत कमी करायचा. शेवटी कंटाळून त्याने शेडमधला जुना लाल ट्रॅक्टरही वर देऊ केला, तेव्हा यांनी हो म्हटलं. टोकियोतल्या दोन खोल्यांत माझा विचार मावत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. रिटायर झाल्यावर तिथे राहायचं आणि तोवर शनिवार-रविवार जाऊन भाजी लावायची, असा बेत.

घर सुरेख होतं. घोळ एकच, ते डांबरी रस्त्यापासून बरंच आत होतं. रस्त्यापासून एक खडीची वाट निघायची, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला भाजीचे वाफे, आणि वळण घेत बघूसानांच्या घरापाशी यायची. तिथे संपायची नाही. तशीच पुढे जाऊन टोकाच्या दुसऱ्या घराशी संपायची. त्या घरात ऐंशी पार केलेल्या एक आजी एकट्या राहायच्या. त्या भागात हिवाळ्यात माणसाच्या डोक्याच्या वर बर्फ साठतो. गावाचा मोठा ट्रक डांबरी रस्ता साफ करतो, पण खाजगी वाटेला हात लावत नाही. उलट जाता जाता वाटेच्या तोंडाशी बर्फाचा कमरेएवढा बांध घालून जातो. इतकी वर्षं आजींचे यजमान हाताने धरायच्या छोट्या यंत्राने ती वाट मोकळी ठेवायचे. बघूसानांनी घर घेतलं त्यानंतरच्या वसंतात ते गेले.

बघूसान त्यांना आजीसान म्हणायचे. म्हातारीला 'ओबाआसान' म्हणणं त्यांना परकं वाटायचं. आता जपानीत 'अजी' म्हणजे एक मासा, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. म्हणजे हे गृहस्थ तिथे असले की त्या बाईंना सकाळी वाकून 'नमस्कार बांगडेबाई' म्हणत होते. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा ते हादरले. पण आजींना ते नाव इतकं आवडलं होतं की बदलू देईनात.

उन्हाळ्यात एका रविवारी आजी कलिंगड घेऊन आल्या आणि ओसरीच्या कडेला बसल्या. यजमान असताना वाटेची काळजी नव्हती, म्हणाल्या. आता मुलीचा जीव लागत नाही, ती टोकियोजवळ साइतामाला असते. बर्फात अडकून पडलीस तर काय, म्हणून मागे लागली आहे की घर सोड. तुम्ही आपल्या घरापुरता बर्फ काढणारच असाल, तर तसंच थोडं पुढे... आणि जपानी रीतीप्रमाणे वाक्य तिथेच सोडून दिलं. बघूसान उठून उभे राहिले. खोल वाकले. आणि त्यांना जपानीत जे मनापासून म्हणता येत होतं ते म्हणाले: केन्तो शिमास. आजीसुद्धा उठल्या, उगाच त्रास दिला म्हणून दोनदा माफी मागितली आणि गेल्या.

आजींच्या कानांना काय ऐकू गेलं असेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या मात्र नोव्हेंबरपर्यंत आलं नाही. सोमवारी ऑफिसात बघूसानांनी मला मोठ्या आनंदाने सांगितलं की आजीसानांनी वाटेचं काम माझ्यावर सोपवलंय, आता यंत्र निवडायला हवं.

झालं. ट्रॅक्टर होता, पण नुसता ट्रॅक्टर बर्फात काही करू शकत नाही. त्याला पुढे किंवा मागे काहीतरी लावावं लागतं, आणि ते काय लावायचं यावर बघूसानांनी अख्खा उन्हाळा आणि अर्धा शरद खर्ची घातला. भेटेल त्याला विचारायचे. ऑफिस झाडायला येणाऱ्या बाईंना, क्लायंटच्या मॅनेजरला, माझ्या नवऱ्याला. सगळ्यांचं नीट ऐकून घ्यायचे, आभार मानायचे आणि 'बघू' म्हणायचे.

दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला गेलो तर जेवणाच्या टेबलावर रव्याची लांब पट्टी पसरलेली. मी म्हटलं लाडूंची तयारी असेल. तर म्हणाले, "हा होक्काइदोचा बर्फ. कोरडा, भुरभुरीत." मग उलथनं घेऊन त्यांनी रवा ढकलून दाखवला. हे झालं ब्लेड, म्हणजे नांगरासारखं सरळ पातं. रवा सुंदर बाजूला झाला. मी म्हटलं, मग घ्या की ब्लेड, स्वस्त आणि मस्त. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं, स्वयंपाकघरात गेले आणि दहीभाताचं पातेलं घेऊन आले. "आणि हा आमच्याकडचा बर्फ. समुद्रावरून येतो. ओला, जड." दहीभात टेबलावर पसरला. वहिनी फराळाच्या ताटाआडून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता.

उलथन्याने दहीभात ढकलला की दोन्ही बाजूंना त्याच्या भिंती उभ्या राहायच्या, आणि पुन्हा ढकलायला जागाच उरायची नाही. पहिल्या आठवड्यात ढकलशील गं, दुसऱ्या आठवड्यात कुठे ढकलशील, असं त्यांनी मला विचारलं. एका बाजूला ओढा आहे, तो तुंबला तर वाट वाहून जाईल, आणि दुसऱ्या बाजूला आजीसानांचा मुळा आहे. मग डाव घेतला. हे ट्रॅक्टरच्या पुढे लावायचं बकेट. एकेक डाव भरायचा, टेबलाच्या टोकाशी नेऊन टाकायचा, परत यायचं. जमतं, पण दिवस जातो. तिसरं यंत्र म्हणजे ब्लोअर. फिरत्या पात्यांनी बर्फ आत ओढतं आणि उंच नळीतून लांब फेकून देतं. ते दाखवायला बघूसानांनी मिक्सरकडे नजर टाकली मात्र, वहिनी उठल्या, मिक्सरची वायर काढली आणि भांडं पोटाशी धरून बसल्या. त्यामुळे ब्लोअर आम्हाला नुसत्या वर्णनावर समजून घ्यावा लागला.

ब्लोअर म्हटल्यावर निवड झाली असं आम्हाला वाटलं. छे. वाट खडीची. ब्लोअरने खडी उचलून आजीसानांच्या काचेवर फेकली तर? त्यावर खाली लोखंडी पट्ट्या असतात, त्या जरा उंच बांधल्या की यंत्र जमिनीपासून बोटभर वर राहतं. दगड अडकून यंत्र मोडलं तर? त्यासाठी एक बोल्ट मुद्दाम कच्चा केलेला असतो. दगड अडकला की तो तुटतो आणि बाकीचं यंत्र वाचतं. या बोल्टवर बघूसान फार खूश होते. जो भेटेल त्याला त्याबद्दल सांगायचे. वहिनी म्हणाल्या, आमच्या घरात तो बोल्ट मी आहे.

पुढचा प्रश्न, ब्लोअर पुढे की मागे? ब्लोअरची पाती फिरवायची सोय त्या जुन्या ट्रॅक्टरला फक्त मागे होती. मागे लावला तर अख्खी वाट ट्रॅक्टर उलटा चालवायचा, मान मागे वळवून. माझी मान टिकेल का, हे बघायला हवं, असं ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फुनाबोरीच्या नदीकाठी उलटे चालायला लागले. मान खांद्यावरून मागे, पावलं मागे मागे, आणि वहिनी बरोबर सुलट्या चालत 'सायकल, सायकल' असं ओरडत. जपान्यांनी काही विचारलं नाही, विचारत नाहीत ते. पण पुढच्या आठवड्यात दोन जपानी आजोबा त्यांच्या मागोमाग उलटे चालताना दिसले. त्यांना वाटलं भारतातला काहीतरी योगाचा प्रकार असावा.

त्या गावाजवळच्या शहरात शेतीच्या अवजारांचं एक दुकान होतं. बघूसान दर शनिवारी तिथे जायचे, तासभर प्रश्न विचारायचे आणि निघताना 'केन्तो शिमास' म्हणायचे. दुकानदार समजायचा, हे गिऱ्हाईक गेलं, आणि शेवटचा म्हणून अगदी कमरेत वाकायचा. पुढच्या शनिवारी गिऱ्हाईक पुन्हा दारात. आपलं काहीतरी चुकतंय अशी त्या माणसाची समजूत झाली असावी, कारण चहा दर खेपेला आदल्या खेपेपेक्षा चांगला यायला लागला.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी वहिनींबरोबर मलाही नेलं. दोन-तीन शेवटच्या शंका राहिल्यात, त्या तुझ्या चांगल्या जपानीत विचार, मग आजच घेऊन टाकू, असं म्हणाले. आधी घरी सामान ठेवायला गेलो. वाटेच्या टोकाशी आजींच्या दारात एक गाडी उभी होती, आणि त्या गावात या दिवसांत घरोघर वळचणीला वाळत टांगलेले पांढरे मुळे असतात, ते त्यांच्याकडे नव्हते. वहिनींनीच ते पहिल्यांदा पाहिलं. आम्ही तिकडे गेलो.

आजी दाराशी बसून वर्तमानपत्रात वाडगे गुंडाळत होत्या. बाजूला खोकी. त्यांची मुलगी बाहेर आली, पन्नाशीची, नीटनेटकी, थकलेली. तिने वाकून मला सांगितलं की आईला या महिनाअखेरीस साइतामाला नेत आहोत, घराजवळच्या एका वृद्धांच्या संस्थेत जागा मिळाली आहे. बर्फ पडायच्या आत हलवायला हवं. आईने उन्हाळ्यात तुमच्या साहेबांना वाटेबद्दल विचारून पाहिलं होतं. त्यांनी इतक्या सौजन्याने नकार दिला की आईला जराही वाईट वाटलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे होते.

मी हे मराठीत सांगितलं. बघूसान माझ्याकडे बघतच राहिले.

"मी? नकार कधी दिला?"

"अहो, तुम्ही जपानीत म्हणालात तरी काय?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. मी डोळे मिटले. वहिनींनी मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, शब्दाचा अर्थ 'विचार करतो', पण ऐकणारा घेतो तो आपल्या 'बघू'चा. वहिनी मटकन एका खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या बाबांसारखंच झालं की हो."

बघूसानांना किती लागलं ते त्यांच्या हातांवरून कळत होतं. छत्रीची मूठ कधी या हातात, कधी त्या हातात. आपण नाही म्हणालोच नव्हतो, उन्हाळ्यापासून दुसरा विचारच केलेला नाही, हे सगळं मी त्यांच्यावतीने मुलीला समजावलं. तिला ते कळलं, ती मनापासून वाकलीही. पण तिचा प्रश्न वेगळाच होता आणि तो रास्त होता. तुम्ही टोकियोला असता, शनिवार-रविवार येता. बर्फ काही वार बघून पडत नाही. बुधवारी पहाटे आईला काही झालं आणि ॲम्ब्युलन्स दारापर्यंत आली नाही, तर? मी त्या भीतीने रात्र रात्र जागी असते.

बघूसानांनी ओढ्याचा, मुळ्याचा, खडीचा, बोल्टचा आणि आपल्या मानेचाही विचार केला होता, हा राहिला होता. आता ते काय म्हणणार हे मला माहीत होतं, आणि ते म्हणाले तर मी त्याचं भाषांतर करणार नव्हते. आजी वाडगा हातात धरून बसल्या होत्या. बघूसानांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि माझ्याकडे न बघता सरळ मुलीला जपानीत म्हणाले, "यारिमास."

म्हणजे करतो. त्या भाषेत याच्यापेक्षा सरळ शब्द नाही. मग वहिनींकडे वळून मराठीत म्हणाले की डिसेंबरपासून मार्चपर्यंत आपण इथेच राहू, ऑफिसचं काम मी इथून करतो. त्या माणसाला एका दमात दोन निर्णय घेताना मी पहिल्यांदा पाहत होते. वहिनी खोक्यावरून उठल्या.

"मग मिक्सर आणावा लागेल," त्या म्हणाल्या.

मुलगी चोख होती. तिने विचारलं, कोणत्या यंत्राने काढणार? आणि मग बघूसान जे सुरू झाले ते मला भाषांतराला उसंत मिळेना. मागे लावायचा ब्लोअर. उलटा, अगदी मुंगीच्या चालीने. वळणापर्यंत बर्फ ओढ्यापलीकडे फेकायचा, वळणानंतर नळी फिरवायची, कारण तिथे वारा डोंगरावरून येतो आणि बर्फ परत तोंडावर येतो. वाटेखालून पाणी जातं त्या मोरीपाशी खडी पातळ आहे, तिथे यंत्र आणखी बोटभर उचलायचं. आईंच्या सांडपाण्याच्या टाकीचं झाकण दारापासून डावीकडे आहे, तिथे खांब रोवायचा म्हणजे बर्फाखालीही कळेल. ॲम्ब्युलन्सला वळायला दाराशी केवढी जागा लागते हे त्यांनी उभ्या उभ्या तिला पावलांनी आखून दाखवलं. त्या मुलीचं बालपण त्या वाटेवर गेलं होतं, आणि ती एखाद्या नवीन गोष्टीसारखं हे ऐकत होती. मला त्या क्षणी बघूसानांबद्दल फार माया वाटली. जग ज्याला नकार म्हणतं, ते या माणसाच्या लेखी प्रेम होतं, आणि त्याला ते असंच हळूहळू करता येत होतं.

मुलीने आईकडे पाहिलं. आजींनी हातातल्या वाडग्याभोवतीचा कागद सोडवायला घेतला. शेवटी मुलगी म्हणाली, एक हिवाळा. ॲम्ब्युलन्स एकदा जरी अडली, तरी मी आईला घेऊन जाईन.

दुपारी दुकानात आम्ही ब्लोअर घेतला. दुकानदाराला खरं वाटायला वेळ लागला. त्याने आधी चहाच आणला.

पहिल्या बर्फात बघूसानांनी नळी उलट्या बाजूला फिरवली आणि दारात कढीपत्त्याची कुंडी आत घ्यायला आलेल्या वहिनींना नखशिखांत पांढरं केलं. त्यानंतर मात्र हात बसला. सोमवारच्या मीटिंगला ते स्क्रीनवर कानटोपी घालून यायचे, मानेला औषधाच्या पट्ट्या, नाक लाल, आणि आपल्या आधी दोन तास काम करून आलेल्या माणसाची तृप्ती चेहऱ्यावर. प्रोजेक्टबद्दल काही विचारलं तर पूर्वीसारखंच 'बघू' म्हणायचे.

फेब्रुवारीत एका पहाटे आजींना धाप लागली. वहिनींनी मला हे फोनवर सांगितलं. रात्रभर पडत होतं, यांनी उठून आधी वाट काढली होती आणि यंत्र शेडमध्ये लावतच होते, तोवर आजींच्या खिडकीतला दिवा दोनदा लागून विझला. ही खूण यांनीच ठरवून दिली होती. ॲम्ब्युलन्स कुठेही न अडता दारापर्यंत आली. स्ट्रेचर आत सरकवताना आजी मास्कच्या आतून 'इत्ते किमास' म्हणाल्या. बाहेर पडताना जपानी माणूस तेच म्हणतो, जाऊन येते. आपण 'जाते' न म्हणता 'येते' म्हणतो, तसंच. वहिनींना जपानी येत नाही, पण हे त्यांना बरोबर कळलं. त्या म्हणाल्या, "या हं आजी."

न्यूमोनिया निघाला. आजी तीन-चार आठवडे हॉस्पिटलमध्ये होत्या, आणि त्या काळात मुलीने पुढचं काहीच सांगितलं नाही. ॲम्ब्युलन्स आली होती, पण गरजही पडली होती. एवढ्या आजारानंतर ती आईला परस्पर साइतामाला नेईल, असं गावात सगळे धरून चालले होते. बघूसान रोज सकाळी आजींच्या दारापर्यंतची पूर्ण वाट काढत होते. मी फोनवर म्हटलं, तिकडे कोणी राहत नाही, आपल्या घरापुरती काढा, मानेची दशा बघा. त्यांना माझा राग आला, मला वाटतं पहिल्यांदाच.

"अगं, त्या येते म्हणून गेल्यात," ते म्हणाले.

मार्चच्या सुरुवातीला मुलीचा निरोप आला. आईला डिस्चार्ज मिळतोय, शनिवारी तिला तासभर घरी आणते, तिचे गरम कपडे आणि देव्हाऱ्यातला वडिलांचा फोटो घ्यायचा आहे. त्यापुढे काय ते तिने लिहिलं नव्हतं. मी शुक्रवारीच शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, गेले. घरात राहून काहीच करण्यासारखं नव्हतं, वहिनींनी तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा साखर विसरल्या. शनिवारी पहाटेपासून मोठमोठ्या ओल्या पुंजक्यांचा बर्फ पडत होता. बघूसान दोनदा वाट काढून आले आणि तिसऱ्यांदा गेले.

गाडी डांबरी रस्त्यावरच थांबली. मुलगी उतरली, तिने मागचं दार उघडून गुडघ्याएवढ्या गमबुटांचा एक जोड काढला, आईचा. रस्त्यापासून घरापर्यंत आईला बर्फातून चालवावं लागणार, याची तिने तयारी केली होती. बूट हातात घेऊन ती वाटेच्या तोंडाशी आली आणि उभी राहिली. दोन्ही बाजूंना तिच्या डोक्याच्या वर बर्फ, आणि मधून खडी दिसणारी वाट सरळ वळणापर्यंत गेलेली. ती परत गाडीत बसली आणि दारापर्यंत गाडी घेऊन आली.

आजी उतरल्या त्या हॉस्पिटलच्या कापडी सपातांत. दोन पावलांवर दार. त्यांनी दार सरकवलं, सपाता काढल्या आणि आत गेल्या. आतून किटली नळाखाली धरल्याचा आवाज आला.

बघूसान तोवर उलटे येत येत तिथे पोचले, इंजिन बंद करून उतरले आणि वाकड्या मानेने मला सांगायला लागले की मोरीपाशी बोटभर बर्फ राहिलाय, त्याबद्दल तिची माफी माग. मी मागितली नाही. मुलगी आमच्याकडे बघतही नव्हती. ती गमबूट हातात धरून तशीच उभी होती. मग ती आत गेली, दाराच्या आत जिथे रोजचे जोडे काढतात तिथे खाली बसली, आणि आईचे बूट जोडीने, टोकं बाहेरच्या बाजूला करून, उद्या सकाळी पाय सरकवून बाहेर पडता येईल असे मांडून ठेवले.